म्हातारी कांडी

रसायनशास्त्राच्या त्या प्राध्यापकांचं आडनाव वेगळंच होतं, पण पोरांनी त्यांचं बारसं 'ढवळे सर' असं करून टाकलं होतं. दुपारी बाकीचे प्राध्यापक घरी जाऊन आडवे व्हायचे, तेव्हा हे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पदवीच्या पोरांना घेऊन काहीतरी ढवळत बसलेले असायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर घराकडेही बघा, असं बायको म्हणायची.

सरांची शिस्त जगावेगळी. नव्या पोराने आधी नुसती भांडी घासायची. धुतलेल्या चंबूवर पाण्याचा एक थेंब जरी अडकून राहिला तरी पुन्हा मोरीवर रवानगी. यात जो पास होईल त्याच्या हाती 'म्हातारी' यायची. म्हातारी म्हणजे बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी. खालचं यंत्र सुरू केलं की चंबूत गरगर फिरून ती मिश्रण ढवळायची. एके काळी पांढरीशुभ्र होती, आता राखेसारखी काळपट झाली होती. जाणारा विद्यार्थी ती येणाऱ्याला द्यायचा, आणि म्हातारीचा हातगुण चांगला, अशी सगळ्यांची श्रद्धा होती.

हातगुण होताच. पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूशिवाय जी क्रिया कुठेच होत नसे, ती या कोपऱ्यात धातूशिवाय व्हायची. शोधनिबंध छापून आला, त्यावर पोरांची नावं सरांच्या आधी. त्या जोरावर पोरं मोठमोठ्या संस्थांत गेली. मग तिथून फोन येऊ लागले, की सर, इथे काही होत नाही. सरांचं उत्तर ठरलेलं: भांडी नीट घासा.

शेवटची विद्यार्थिनी बसड्रायव्हरची मुलगी. याच कामावर तिला दूरच्या एका संस्थेत संशोधनाची जागा मिळाली होती. सरांची निवृत्ती जवळ आलेली. म्हातारी आठवण म्हणून हिलाच द्यावी असं त्यांनी ठरवलं आणि शेवटच्या प्रयोगात नवी कोरी कांडी टाकायला सांगितली. क्रिया झाली नाही. पुन्हा केली, तरी नाही. शेवटी मुलीने हसत हसत म्हातारी टाकली, आणि दुपारपर्यंत मिश्रण पिवळंधमक झालं.

ती टाळ्या वाजवत होती आणि सरांच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्या तुकडीने याच कांडीने पॅलेडियम ढवळलं होतं. त्याचे कण कांडीच्या ओरखड्यांत अडकून बसले होते आणि इतकी वर्षं गुपचूप तेच काम करत होते. काचेवरचा थेंब शोधणाऱ्या माणसाने कांडीकडे कधी पाहिलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यांनी लपवलं नाही. मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं, निबंध मागे घ्यावा लागेल हेही सांगितलं.

"म्हणजे आमचं सगळं खोटं होतं, सर?"

"खोटं नाही गं. चुकलेलं होतं."

"हा फरक तिथे कुणाला कळेल?"



फरक कुणालाच कळला नाही. निबंध मागे घेतला गेला आणि मुलीची जागा गेली. एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून सुनावलं, की आता घरीच बसणार होतात ना, मग तोंड उघडायची काय गरज होती? बाकीच्यांनी फोनही केला नाही. बायकोने टोमणासुद्धा मारला नाही, आणि तेच सरांना जास्त लागलं.

शेवटच्या दिवशी मुलगी कपाटाची किल्ली द्यायला आली. औषधांच्या दुकानात नोकरी धरल्याचं तिने सांगितलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. थांब म्हणावं असं सरांना फार वाटलं, पण थांबवून द्यायचं काय?

जाण्याआधी तिने आपली सगळी भांडी घासून उपडी घातली होती. ती गेल्यावर सरांनी एकेक चंबू नळाखाली धरून उजेडाकडे नेला. पाणी सरळ ओघळून जात होतं, कुठेही थेंब अडकत नव्हता. इतकं चांगलं भांडं आजवर कुणीच घासलं नव्हतं. ते सांगायला सर दारापर्यंत गेले, तोवर ती जिना उतरून गेली होती.