डाव्या पंखाचा पीळ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, शाळेतल्या मैत्रिणींपाशी नाही. माझ्या डायरीतही नाही — आणि मी तर सगळं लिहून ठेवणारी बाई. किराणा, वर्गांची वेळापत्रकं, कुठलं पुस्तक कुणाकडं गेलंय, सगळं. त्या दिवसाच्या पानावर मात्र एवढंच आहे : ‘स्पर्धा. नंबर नाही.’

मी मुरुमला विज्ञान शिकवते. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेत ग्लायडरचा एक गट असतो. बाल्सा लाकडाच्या पातळ पट्टीचं छोटं विमान, इंजिन नाही, रबर नाही. हातानं सोडायचं. जास्त वेळ हवेत तरंगेल त्याचा नंबर. वजन इतकं कमी की पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरून उडून जावं. पोरं महिनाभर घासत बसतात, दोन बोटांवर तोलून बघतात, नाकावर मेणाची गोळी लावतात, उडवतात, गोळी थोडी काढतात, परत उडवतात.

त्यांच्यासाठी मी एक यादी केली होती — सोडण्याआधी तपासायच्या अकरा गोष्टी. त्या यादीचा मला फार अभिमान. दुसऱ्या शाळांचे शिक्षक मागून न्यायचे. सातवी ओळ होती : पंख सपाट आहेत का?

त्या वर्षी अश्विनी दहावीला होती. शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी, हात मात्र सोनाराचे. आणि तिच्यासाठी ती स्पर्धा नुसती स्पर्धा नव्हती. तिच्या वडिलांनी शाळेत येऊन मला सरळ सांगितलं होतं, “मॅडम, नंबर काढला तर लातूरला सायन्सला घालतो. न्हाय काढला तर हितंच आर्ट. माझा शब्द हाय.” मग हसून म्हणाले, “आमी लहानपणी वहीचं पान फाडून इमान केलं की मास्तर बडवायचे. तुमी बक्षीस देताव व्हय?”

म्हणजे मला माहीत होतं. काय पणाला लागलंय ते मला पूर्ण माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते.

स्पर्धा धाराशिवला, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मैदानाऐवजी बंद सभागृहात. सभागृहात विमान सरळ गेलं तर भिंतीवर आपटतं, म्हणून ते गोल फिरत राहायला हवं. अश्विनीनं शेपटीची पट्टी किंचित डावीकडं वळवली होती. आणि डाव्या पंखाच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ सोडून, बोटांनी दाबून, पंखाला अगदी थोडा पीळ दिला होता — कड जराशी खाली. शेवटच्या सरावाला तिनं मला तो दाखवलाही. “मॅडम, हा मुद्दाम दिलाय. न्हायतर वळताना आतल्या अंगाला पडतंय.” मी हजेरीच्या कागदावर खुणा करत होते. मी ‘हं’ म्हणाले. ऐकलं होतं का मी? ऐकलं होतं. मनात घेतलं नाही, इतकंच.

स्पर्धेच्या दिवशी नियम साफ होता : खोका टेबलावर ठेवला की विमानाला फक्त विद्यार्थ्यानं हात लावायचा, शिक्षकांनी नाही. अश्विनी नाव नोंदवायला रांगेत उभी होती. खोक्याचं झाकण उघडं. मी माझी यादी काढली आणि एकेक ओळ बघत गेले. सातवीवर आले. पंख वाकडा दिसला.

इकडंतिकडं बघितलं. हे महत्त्वाचं आहे — मी बघितलं. मग वाकून पंखावर वाफ सोडली आणि अंगठ्यानं तो सपाट केला. चांगला, माझ्या यादीसारखा सपाट. दहा-बारा सेकंदांचं काम.

तिनं विमान सोडलं. ते वर गेलं, डावीकडं वळलं, आणि वळता वळता आत कलंडून गिरक्या घेत फरशीवर आलं. पंख मुळातून तुटला. तिचं ‘हा मुद्दाम दिलाय’ मला त्या क्षणी आठवलं — शब्दन् शब्द. डिंक लावून तिनं पुढच्या दोन फेऱ्या केल्या. पण जड झालेलं विमान ते, काय तरंगणार?

ती तुकडे घेऊन आली. रडली नाही. पंख डोळ्यांसमोर आडवा धरून म्हणाली, “मॅडम, पीळ गेलाय. कुणी हात लावला व्हता का?”

बोलायचं होतं ते तेव्हाच. शाळेतल्या आणखी दोघांची विमानं अजून उडवायची होती, मी कबूल केलं असतं तर सगळ्यांनाच बाद केलं असतं — हे कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी डोक्यात फक्त माझं नाव होतं. यादीवाल्या मॅडम. मी म्हणाले, “स्वतःचं दुसऱ्यावर ढकलायचं नाही, अश्विनी.”

तेवढ्यात प्रेक्षकांतून तिचे वडील जवळ आले. टोपी हातात. “मॅडम, पोरीचं काय चुकलं?”

“घाई केली तिनं,” मी म्हणाले. “पंख नीट बघितला नाही.”

त्यांनी अश्विनीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मग — हे मला कुठल्याच शब्दांत नीट सांगता येत नाही — तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाली, “आसंल. माझ्याच हातनं झालं आसंल.”

वडिलांनी शब्द पाळला. लातूर नाही, मुरुमलाच आर्ट. दुसऱ्या वर्षी लग्न.

सांगायला मला वेळ नव्हता का? जून उजाडेपर्यंत चार महिने होते. तिचं घर माझ्या रस्त्यावर होतं. त्या चार महिन्यांत मी यादीतली सातवी ओळ तेवढी दुरुस्त केली.

मागच्या हिवाळ्यात येरमाळ्याला बस बदलायला उतरले, तर स्टँडसमोरच्या दुकानातून हाक आली. अश्विनी. दुकान तिच्या नवऱ्याचं. तिनं बळंच बसवलं, चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. सात-आठ वर्षांची मुलगी काउंटरवर गणितं सोडवत होती, भराभर, खाडाखोड करत. अश्विनीनं तिला माझ्या पाया पडायला लावलं. “ह्या माझ्या मॅडम. आगं, मी लई भारी इमान केलं व्हतं ह्यांच्याकडं. पर घाई केली, पंख बघितला न्हाई, पडलं. मॅडमनी कवाच सांगितलं व्हतं मला. म्हणून म्हणते, बघून कर.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं, खरं ना, अशा नजरेनं.

मी मान डोलावली.

ती वहीकडं वळली आणि पहिल्या गणितापासून परत तपासायला लागली.