माडीवरचं वशिंड

‘ह्ये हुनार न्हाई!’ असं म्हणायचं आणि डाव्या हातानं हवेतली माशी हाकलायची, ही आमच्या शेजारच्या आडत्यांची सवय. सांगलीच्या हळदबाजारात सगळे त्यांना आण्णा म्हणत. विजेचा दिवा येणार म्हटल्यावर म्हणाले, ‘हुनार न्हाई.’ तो लागल्यावर म्हणाले, ‘टिकनार न्हाई.’ तुमच्याही आळीत असा एखादा उंटावरचा शहाणा असेलच. आमचा उंट जरा जास्तच उंच होता.

मी शेजारच्या आडतीत दिवाणजी, आणि राहायलाही त्यांच्याच आळीत. त्यामुळे या गृहस्थांपासून मला सुटका म्हणून नव्हती.

लढाईची वर्षं होती. आण्णांचा एकुलता एक मुलगा फौजेच्या रेल्वेत, परमुलखातल्या कुठल्याशा मोठ्या यार्डात होता. रजेवर आला तेव्हा दुकानात बसून सांगू लागला, ‘आबा, तिकडं रुळावर टेकाड केलंया. इंजिन मालगाडीला मागनं ढकलत टेकाडावर नेतंय. मग येकेक वाघीण सोडायची. ती आपल्या वजनानं उतरती, आन् ज्या गावची आसंल त्या गावच्या रुळावर जाऊन हुबी ऱ्हाती.’

आतून चहा घेऊन आलेल्या आईच्या हातातली कपबशी वाजली. मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे त्या माउलीला कुठलं ठाऊक? पोरगा टेकडीवरून वाघिणी सोडतो असं समजून तिनं तिथल्या तिथं देवाला नारळ बोलला.

आण्णांनी माशी हाकलली. ‘इंजिनाबिगर डबा आपल्या जागंवर जातुय? लबाडा, बापाला बनिवतूस व्हय रं?’

दुकानात हमाल होते, गावोगावचे शेतकरी होते. आमच्या बाजारात आईवरून शिवी दिली तरी माणूस हसून सोडून देतो, पण लबाड म्हटलं की संपलं. पोरगा उठला. ‘ह्यो शबुद माघारी घ्या. तवर ह्या घरात पानी पिनार न्हाई,’ म्हणाला आणि कराडकडच्या मामाकडे निघून गेला. तिथूनच परस्पर फौजेत.

शब्द मागे घेतील तर ते आण्णा कसले! सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. बायको रडली, भांडली, शेवटी बोलेनाशी झाली. तेव्हा हे म्हणाले, ‘माडीवर तसलंच टेकाड करून दावतो. डबा गेला, तर शबुद माघारी.’ माणसं एखादी गोष्ट व्हावी म्हणून बांधतात. हा इसम ती होऊ नये म्हणून बांधायला बसला!

रेल्वेचं ज्ञान म्हणाल, तर मिरजेला गाडी बदलताना मिळालं तेवढं. माडीवरची पोती सरकवून फळ्या टाकल्या. पिंपाच्या पट्ट्यांचे रूळ केले, रॉकेलच्या डब्यांच्या वाघिणी केल्या, तांबटाकडून पितळी चाकं आणली. मधे लाकडाचं टेकाड. त्याच्या पायथ्याशी रुळाला फाटे फुटून मिरज, कराड, सातारा, पुणं अशी गावं. फाट्यावर सांधा, म्हणजे खिळ्यावर फिरणारी पट्टी. ती सरकवली की गाडी दुसऱ्या रुळाला लागावी. बायकोनं माडीवर येऊन टेकाडाकडे एकदाच पाहिलं. म्हणाली, ‘बांधा वशिंड. बैल घरात हायच.’ तेव्हापासून सगळी आळी त्याला वशिंडच म्हणू लागली.

पहिली वाघीण अर्ध्या उतारावर थांबली. ‘बगा दिवाणजी! हुनार न्हाई!’ आण्णा लहान मुलासारखे खूष झाले. इथंच गाशा गुंडाळायचा की नाही? पण वजनाच्या काट्यात कधी मारायचं नाही, ही त्यांची खोड. स्वतःच म्हणाले, ‘थांबा. रिकामा डबा कशाला उतरंल? मालगाडीत माल पायजे.’

आणि आणला काय, तर गूळ! सांगलीचा हळद-गुळाचा आडत्या, त्याला दुसरं काय सुचणार? सकाळपर्यंत चारी गावांवर मुंग्यांचं राज्य. दुपारी पाघळलेल्या गुळात चाकं रुतली. मग गूळ काढून तराजूची वजनं भरली, तर पुण्याची वाघीण थेट माझ्या नडगीवर उतरली. मग टेकाड तासलं, मग वेग मारायला रुळांवर तरटाच्या पट्ट्या चिकटवल्या. बाजार माडीवर लोटू लागला. पोळ्याला वशिंड रंगवणार का, असं हमाल तोंडावर विचारू लागले. मीही त्यांच्यात सामील होतो, आणि मजा येत होती.

मधे पोरगा पुन्हा रजेवर आला, मामाकडेच उतरला. आई तिकडे जाऊन भेटून आली. ‘वाळलाय,’ एवढंच बोलली. आण्णा ताटावरून तसेच उठून माडीवर गेले.

एका दुपारी मला बोलावलं, सांध्यापाशी बसवलं. टेकाडावरून ओरडले, ‘कराड!’ मी पट्टी सरकवली. वाघीण उतरली, सांध्यातून खडखडत वळली, तरटावर मंदावली आणि कराडच्या रुळावर उभी राहिली. मग सातारा. मग मिरज. माशी हाकलायला उचललेला हात तसाच राहिला. वजनं बदलली, डबे बदलले. कुठं तरी चुकावं म्हणून तो माणूस संध्याकाळपर्यंत डबे सोडत होता. एकही चुकला नाही.

शेवटी एका पोत्यावर बसले. ‘पोरगं खरं बोलत हुतं, दिवाणजी.’ माझ्याकडे चांगलं धारदार वाक्य तयार होतं. ते मी बोललो नाही. मला त्यांची दया आली.

त्यांनी खाली जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला काय सांगताय? बाजारात बोललायसा, बाजारातच माघारी घ्या.’

लढाई संपल्यावर पोरगा आला, तो मामाची हळद घेऊन. बापाच्या दारावरून गाडी नेऊन सरळ आमच्या आडतीत उतरवली. हळदीचा भाव इथं तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून खरेदीदार आडत्याची बोटं दाबतो. भाव त्या दोघांनाच कळतो. सौदा ऐन रंगात असताना आण्णा गर्दीतून पुढे आले. लेकासमोर उभे राहिले. तोंड उघडलं, ‘मी... त्यो शबुद...’ आणि जन्मभर बाजार डोक्यावर घेणाऱ्या माणसाला पुढं शब्दच फुटेना. त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, लेकाच्या हातावर टाकला आणि खालून त्याचा हात धरला.

बाजार हसला. ‘आवं आण्णा, मालधन्याचा हात धरून कुटं सौदा हुतुय व्हय?’

ते हलले नाहीत. हसणं आपोआप थांबलं. थोड्या वेळानं बापलेक घराकडे चालू लागले. हळदीचा ढीग तसाच पडला. तो मला विकावा लागला.

आण्णा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मागं एकदा मी त्या पोराला विचारलं, ‘त्या दिवशी पंच्याखाली आण्णांनी बोटं तरी किती दाबली होती?’

‘दाबत्यात कशाची! हात सोडीनात नुसतं,’ तो म्हणाला. ‘मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या आबा. चला घरी.’