जावयाचे पाय

घोड्याला कागदोपत्री लांबलचक, भारदस्त नाव होते, पण तबेल्यात सगळे त्याला जावई म्हणत. खाणे त्याच्या मर्जीने, फिरणे त्याच्या मर्जीने, आणि रुसला तर अख्खा तबेला एका पायावर उभा. मोसमातल्या तीन मोठ्या शर्यतींपैकी पहिल्या दोन त्याने मारल्या होत्या. तिसरी सर्वांत लांब पल्ल्याची. तिन्ही एकाच घोड्याने जिंकलेल्या पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली होती, आणि त्यांच्या सांगण्यात त्या घोड्याचा रंग दर वेळी बदलत असे.

जावयाची उस्तवार करणारा मोतद्दार पन्नाशीचा, उंच, खांद्यांत वाकलेला. त्याचा बाप बेकरीत भट्टीवर होता. भट्टी तापली की नाही हे बाप तिच्या तोंडाशी नुसता हात धरून सांगायचा, आणि तो हात पोराकडे आला. बेकरी बंद पडल्यावर पोरगा तबेल्यात लागला तो या तळहाताच्या जोरावर. घोड्याचा पाय दुखावणार असेल तर आधी तिथे किंचित ऊब येते. ती त्याला कळायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा चारही पायांवरून हात फिरवायचा, मग खरारा, मग दाण्याची चंदी.

इतकी वर्षे त्याच्या वाट्याला आले ते मागे राहणारे घोडे. चौथे, सातवे, कधी शेवटून पहिले. हरणाऱ्या घोड्यांच्या संगतीत त्याला गाढ झोप लागायची.

जावयाने दुसरी शर्यत जिंकली आणि ती झोप गेली. सुरुवातीला तो दुपारीही पाय बघू लागला. मग चंदी झाल्यावर. मग त्याने आपली खाट उचलून जावयाच्या ठाणासमोरच आणली. डाव्या पुढच्या पायाचा त्याला विशेष संशय. तिथे काही नव्हते. पण मघाशी नव्हते म्हणजे आता नसेलच, असे थोडेच आहे? तो उठायचा, वाकायचा, गुडघ्याखालून खुरापर्यंत हात न्यायचा. काही नसायचे. आडवा व्हायचा. हात पुन्हा रिकामा वाटायचा.

एका सकाळी ट्रेनर ठाणापाशी थांबला. पायाखालच्या पेंढ्याकडे बघत राहिला.

"ह्याच्या शेपटीत पेंढा का नाही?"

रात्री आडवा झालेला घोडा सकाळी शेपटीत, आयाळीत पेंढा घेऊनच उठतो. जावयाचे अंग लख्ख होते, आणि पेंढा जसा पसरला तसाच होता. चंदीही अर्धी उरलेली. डॉक्टर येऊन गेला. त्याला काही सापडले नाही.

"साहेब, झोपेल कसा तो?" शेजारच्या ठाणातून मामा म्हणाला. मामा म्हणजे तिथला सर्वांत म्हातारा मोतद्दार, ट्रेनर सोडून सगळ्यांचा मामा. "हा त्याला सारखा चाचपतोय. मला कुणी असं चाचपलं असतं ना, तर मी पोलिसात गेलो असतो."

ट्रेनर हसला नाही. "किती वेळा बघतोस?"

"दोनदाच, साहेब."

"दोनदा?"

"आणि मधे मधे."

"मधे मधे म्हणजे तो झोपायला लागला की. तुझी चाहूल लागली की अंग ताठ करतो. त्याला वाटतं, काहीतरी होणार आहे." ट्रेनरने आवाज खाली आणला. "घरी जा. शर्यत होईपर्यंत ह्याच्या जवळ येऊ नकोस."

"पण साहेब, पाय..."

"पाय मामा बघेल."

"मामाच्या हाताला घट्टे आहेत! निखारा ठेवला तरी कळायचा नाही त्याला."

"नको कळू दे. घोडा झोपेल तरी."

घर म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बायको लाँड्रीत इस्त्रीला जायची. तो दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. खिडकीची चौकट, नळ, खुर्चीची पाठ, जे समोर येईल त्यावर हात ठेवून बघायचा.

"अहो, ताप आलाय का खुर्चीला?" बायको म्हणाली.

"काय?"

"नाही, मघापासून बघताय. डॉक्टर बोलवायचा तर सांगा."

खाली उतरावे तर सायकलवाला हातातली ट्यूब सोडून विचारायचा, "काय, तिसरी मारणार का जावई?" न्हावी विचारायचा. दूधवाला दूध मापता मापता विचारायचा. तो मान हलवायचा, हो की नाही ते कुणाला कळायचे नाही. त्यालाही कळत नव्हते. हरला तर त्याच्या हातामुळे हरणार, ज्याने ऐन वेळी घोड्याची झोप खाल्ली. जिंकला तर त्याच्या हाताशिवाय. दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी त्याला जिंकायलाच हवे होते. इतके की रस्त्यावरून चालताना त्याचा वेग आपोआप वाढायचा आणि मग कुठे निघालो होतो ते आठवायचे नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी घरी जाता जाता मामाने खालूनच हाक मारली. "झोपला रे! चांगला पसरला होता. कानातसुद्धा पेंढा!"

"चंदी?"

"चाटूनपुसून."

"आणि पाय?"

"चार आहेत," मामा म्हणाला आणि निघून गेला.

त्याला आनंद झाला. त्या आनंदात काहीतरी टोचत होते, ते त्याने बायकोला सांगितले नाही.

शर्यतीला तो बायकोला घेऊन गेला. इतक्या वर्षांत तिने एकही शर्यत पाहिली नव्हती. दोघे कठड्याला टेकून उभे राहिले. घोडे सुटले आणि त्याने मान खाली घातली. कठड्याचा रंग पोपडे धरून सुटला होता. तो एकेक पोपडा नखाने काढू लागला.

"बघा की हो!"

"तू सांग. जॉकीची पिवळी टोपी बघ."

"पिवळी... मागे आहे. बराच मागे. अहो, हा असाच पळतो का?"

"पळू दे."

"आता घोळक्यात अडकला. दिसतच नाही. थांबा... बाहेरून आला! अहो, बाहेरून आला!" तिने त्याचा दंड धरला, मग मारायला लागली. "पुढे तो काळा आहे अजून. काळा हटत नाहीये मेला! सरक ना रे, सरक..."

पुढचे तिचे बोलणे आरडाओरड्यात बुडाले. माणसे टोप्या उडवत होती, अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. त्याने मान वर केली तेव्हा पाटीवर जावयाचे लांबलचक नाव सर्वांत वर चढत होते. तिन्ही शर्यती.

त्याच्या घशातून आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा, बायकोला कळले नाही. तिने पदर पुढे केला, त्याने तो घेतला.

विजेत्याच्या आवारात ट्रेनरने त्याला गर्दीत हेरले. आज ट्रेनर सगळ्यांचा सोयरा होता. "अरे ये, ये! तिथे काय उभा? धर त्याला, फोटो काढताहेत."

मामाने लगाम पुढे केला. तो दोरीखालून आत गेला, बायको मागोमाग. जावई घामाने काळाभोर झाला होता. नाकपुड्या फुललेल्या. त्याला पाहताच जावयाचे कान उभे राहिले, अंग ताठ झाले, आणि त्याने डावा पुढचा पाय उचलून हवेत धरला.

आवार एकदम चिडीचूप झाले. मालकाच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टर पेटी घेऊन धावला. "पाय गेला, पाय गेला," मागे कुणीतरी म्हणाले आणि ते गर्दीत पसरत गेले.

"काही नाही झालं त्याला," मोतद्दार म्हणाला. कुणी ऐकले नाही. तो जोरात म्हणाला, "साहेब, काही नाही झालं! मला दाखवतोय तो. मी येतो तेव्हा पायच बघतो ना. म्हणून उचललाय."

तो एक पाऊल मागे सरला. जावई तसाच, तीन पायांवर, वाट बघत. तो आणखी मागे सरला, पार दोरीच्या बाहेर गेला आणि हात पाठीमागे घेतले. जावयाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. मग पाय खाली टेकला, मान झटकली. डॉक्टरने पाय चाचपला, दोनदा चाचपला, आणि हसून मालकाकडे मान डोलावली. फोटोवाले पुन्हा ओरडू लागले.

"जवळ जा की," बायको म्हणाली. "तुमचाच ना तो?"

"इथून बरा दिसतोय," तो म्हणाला.