फ्लॉपी सोडवायचा हक्क

पोळ्याचा दुसरा दिवस. मी सौंसरला, सूतगिरणीच्या कॉम्प्युटर रूममध्ये... आणि जीव सगळा पांढुर्ण्यात.

त्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दोन्हीकडून दगडांचा मारा. माझा धाकटा भाऊ विलास दरवर्षी नदीत उतरायचा. आईने सकाळीच बजावलं होतं, दुपारच्या आत घरी ये, तो तुझंच ऐकतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. गिरणीत युनिक्सवालं नवीन मशीन आलं होतं, चपला बाहेर काढून आत जायचं. फ्लॉपी घातली की आधी ती मशीनला जोडायची, म्हणजे माउंट करायची. काढण्याआधी अनमाउंट. ही दोन्ही कामं फक्त रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या सुपरयूजरच्या, पासवर्डने व्हायची, आणि तो पासवर्ड फक्त देशमुख साहेबांकडे.

साहेबांनी सकाळी फ्लॉपी माउंट करून दिली आणि पाहुण्यांना घेऊन जामसांवलीला देवदर्शनाला गेले. मी सगळा डेटा फ्लॉपीवर कॉपी केला. आता ती न्यायला नागपूरहून आलेल्या वानखडेंच्या हातात दिली की मला सुटी... अनमाउंटची कमांड दिली, तर उत्तर आलं, तुम्ही सुपरयूजर नाही.

वानखडे दारातून म्हणाले, "बाई, बटन तर आहे न तिथं. दाबा अन् द्या काढून."

हात बटणापर्यंत गेलाही. पण मशीन सगळं लगेच फ्लॉपीवर लिहीत नाही, काही स्वतःजवळ धरून ठेवतं. मागे एकाने अशीच ओढून काढली होती, तर अर्ध्या फाइल्स गेल्या होत्या. मी उठायची, खिडकीतून रस्ता बघायची, पुन्हा बसायची. पांढुर्ण्याची एक बस गेली. मग दुसरी गेली.

शेवटी वानखडेंच्या मोटारसायकलवर मागे बसले. परक्या माणसाच्या मागे तशी मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते. लोक काय म्हणतील हे त्या दिवशी सुचलंच नाही.

साहेब मंदिराबाहेर प्रसाद घेऊन उभे होते. मला बघून वैतागले. "एका फ्लॉपीसाठी इथवर आल्या?"

"मला पासवर्ड नका सांगू, साहेब. पण तुम्ही चला. माझा भाऊ नदीवर जाऊन राहिला आज."

त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्रसाद पाहुण्यांच्या हातात दिला आणि जीप काढली. गिरणीत आले, एक ओळ टाइप केली, फ्लॉपी बाहेर... एवढंच काम होतं ते.

पांढुर्ण्याची बस मिळाली, पण ती गर्दीमुळे गावाबाहेरच थांबली. नदीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मी अक्षरशः पळत सुटले. वाटेत कपाळाला फडकं दाबून येणारा प्रत्येक पोरगा मला विलासच वाटत होता.

बस स्टँडजवळ पोचले, तर विलास तिथंच उभा. शर्ट कोरडा, अंगावर ओरखडा नाही. मलाच रागावला.

"कुठी होती वं ताई? बस येऊन राहिली अन् तू नाही. दोन वेळा घरी जाऊन पाहून आलो. म्हटलं, काही झालं का काय तुले."

मी आले नाही म्हणून तो नदीवर गेलाच नव्हता. ज्या उशिराला मी सगळ्या रस्त्याने शिव्या देत आले, त्याच उशिराने त्याला धरून ठेवलं होतं. मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. तो गोंधळून पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, बोलणी बसणार. त्यांनी माझ्यासाठी एक वेगळं लॉगिन करून ठेवलं होतं. त्यातून फक्त माउंट आणि अनमाउंट व्हायचं, दुसरं काही नाही. म्हणाले, "पासवर्ड तुम्हीच टाका. मला सांगू नका." आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

विलास पुढच्या वर्षी नदीवर गेलाच, टाकेही घेऊन आला. तो काही सुधारला नाही... पण सणाच्या दिवशी देवळातून उठून आलेले साहेब, आणि त्यांची ती माझ्याकडे केलेली पाठ, आजही आठवते. इतका विश्वास माझ्यावर तोवर कुणीच टाकला नव्हता.