पाठीवरच्या रेघा

भिंतीवरच्या डासाला मी असा काही फटका हाणला, की माझं मलाच कौतुक वाटलं. वळून बघतो तर दारात ताई, हातात कॅमेरा.

"मारलास?"

"एका फटक्यात!" मी तळहात दाखवला.

"छान. आता याची जात तूच सांग."

माझी ही थोरली बहीण आरोग्य खात्यात आहे. लोक डासांचे फोटो पाठवतात आणि ती त्यांच्या जाती ओळखते. चपलेखाली सपाट झालेले, चहात बुडालेले, कसलेही डास येतात. एकाने नुसता स्वतःचा सुजलेला गाल पाठवला होता. फोटो म्हटला की जग हसरा चेहरा करतं. ताईला पाठ हवी असते.

या वेळी तिला घाई होती. आमच्या इमारतीत दोघं तापाने आडवे झाले आणि सगळ्यांनी मिळून पलीकडच्या रोपवाल्या काकांवर खापर फोडलं. त्यांची रोपवाटिका उठवा म्हणून अर्ज गेला. सही माझीही. संध्याकाळी ताईचे साहेब निर्णय देणार होते. काका सकाळीच ताईकडे आले. "बाई, एवढी झाडं मी घेऊन जाऊ कुठे?" एवढंच म्हणाले आणि जिन्यातच बसून राहिले.

पायांवर पांढरे पट्टे असलेले डास दोन जातींचे, दिसायला सख्खे भाऊ. पाठीवर एकच सरळ रेघ असेल तर तो झाडीत रमणारा. दोन बाजूंना वाकड्या रेघा असतील तर तो घरातल्या साठवलेल्या पाण्यावर वाढणारा. इमारतीतून आलेल्या फोटोंत नुसते पाय होते. आणि पाठ असलेला एकुलता एक डास माझ्या तळहातावर पसरला होता.

"पँट वर कर आणि खिडकीशी बस," ताई म्हणाली. "बसला की मी ग्लास पालथा घालते."

"अगं, आणि चावला तर?"

"तर तापाचे तीन झाले म्हणून कळवते. हलू नकोस."

मी माझ्या लाडक्या वेलीशेजारी बसलो. बाटलीतल्या पाण्यात ही वेल मी स्वतः वाढवली आहे, आल्यागेल्याला दाखवतो. बऱ्याच वेळाने एक पाहुणा पोटरीवर टेकला आणि ग्लास पडला. मग ताईने त्याला फ्रीजमध्ये माझ्या दह्याशेजारी ठेवलं. गारठून निपचित पडल्यावर शांतपणे पाठीचा फोटो काढला.

दोन्ही बाजूंना वाकड्या रेघा.

फोटो साहेबांकडे गेला. थोड्याच वेळात फोन आला: रोपवाटिका राहू दे, आधी घरं तपासा. ताईने जिन्यात डोकावून हाक मारली, "काका, जा, झाडांना पाणी घाला."

काकांचा चेहरा बघून मलाही भरून आलं. "लोक तरी काय बेफिकीर असतात!" मी म्हणालो. "कोणाच्या घरातला असेल ग हा?"

ताईने वेलीची बाटली उचलून उजेडात धरली. आत बारीक काहीतरी वळवळत होतं.

"तुझ्या."