लिंबायत ते सापुतारा, साडूभाऊंच्या मागे सायकलवर

दिवाळीला सुरतेतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद झाले की आमची लिंबायतची वस्ती निम्मी रिकामी होते. जो तो खानदेशच्या गाडीकडे धावतो. यंदा आम्ही चौघांनी मात्र गावी जाण्याआधी सायकलवरून सापुताऱ्याला जायचं ठरवलं. खूळ लूमवरच्या छगनचं. त्याने कुठल्याशा मासिकात गोरी माणसं सायकलला तंबू बांधून फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडताना पाहिली होती. म्हणाला, "त्यांच्याकडे द्राक्षाचे मळे, आपल्याकडे उसाचे. फरक काय?"

मला जायचं कारण वेगळं होतं. रघुनाथभाऊ माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही एकाच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात. तिथे ते माझ्याशी नीट वागायचे, थट्टाही करायचे. बाहेर मात्र हाक मारली तरी वळून बघत नसत. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात मी फोटोसाठी मागून बोलावलं, तर सरळ चालते झाले. चार माणसांत मला फार लागलं. तेव्हापासून दोघी बहिणींचंही जाणं-येणं कमी झालं होतं.

बायको म्हणाली, "दाजींना बरोबर घ्या. एका ताटात जेवलात की राग कशाचा आहे ते तरी कळेल."

भाऊबीज झाल्यावर पहाटे निघालो. साध्या काळ्या सायकली, मागे अंथरूण, पुढे पातेलं. तंबू छगनने स्वतः शिवलेला, लूमवरच्या कोऱ्या पॉलिस्टरचा. चलथाणला साखर कारखान्याचा गोड-आंबूस वास आला आणि उसाच्या बैलगाड्यांच्या मागे अडकलो. बारडोलीपर्यंत वाहनं फार; जाणाऱ्यांनी उजाडायच्या आत हा टप्पा उरकावा. पुढे वालोड, बुहारीकडे रस्ता अरुंद पण सावलीचा. ठिकठिकाणी चहा मिळतो, पंक्चरवाला मात्र मिळेलच असं नाही. आमचा चौथा गडी दिलीप, बुलढाण्याकडचा. त्याने पंपासकट सगळं सामान घेतलं होतं म्हणून निभावलं.

दिवसभर रघुनाथभाऊ पुढे आणि मी मागे. "पाणी प्यायचं का?" विचारलं, उत्तर नाही. "जरा थांबू या," म्हटलं, ते आपले निघालेलेच.

दिलीप जवळ येऊन म्हणाला, "म्या बी तीनदा हाका मारल्या राजेहो. त्यायची मर्जी उतरली वाट्टे तुमच्यावर."

"तुझ्यावर का नाही?"

"मी काय त्यायचा साडू हाय?"

संध्याकाळी उनाईला पोचलो. तिथलं गरम पाण्याचं कुंड चुकवू नका. पायांचा सगळा ठणका त्या पाण्यात उतरला. अंघोळ करून देवीच्या देवळात गेलो. रघुनाथभाऊंनी घंटा वाजवली आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे. मला वाटलं, देवीपाशी एवढा मऊ होणारा माणूस माझ्याशीच का असा? मीही हात जोडले आणि मागितलं ते एवढंच, की हा गुंता सुटू दे.

तंबूची फजिती त्याच रात्री झाली. पॉलिस्टरमधून वारा जाईना. आमच्याच श्वासाचं पाणी आतून ठिबकायला लागलं.

"साडीचं कापड आहे, अंगाला चिकटणारच," छगन म्हणाला.

"मंग तूच नेस," दिलीप म्हणाला आणि अंथरूण घेऊन बाहेर गेला. तुम्ही जाल तेव्हा जाड सुती ताडपत्रीच न्या.

वघईपासून डांगचं जंगल लागतं. साग, बांबू, आणि अशी शांतता की लूमवाल्याला प्रथम चुकल्या-चुकल्यासारखं होतं. एका झोपडीवजा हॉटेलात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ आणि बांबूचं लोणचं मिळालं; चौघांचं पोटभर जेवण सुरतेतल्या एका थाळीच्या पैशांत. जेवताना रघुनाथभाऊ समोर बसले होते आणि मजेत बोलत होते. सायकलवर बसले की पुन्हा मुके.

घाट सुरू झाला तसे आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. एका वळणावर मागून बांबूने भरलेला ट्रक आला. आम्ही तिघे कडेला झालो. रघुनाथभाऊ रस्त्याच्या मधोमध चालत राहिले. ट्रकने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी ओरडलो. ते वळलेच नाहीत. ट्रक करकचून ब्रेक दाबत त्यांच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबला, तेव्हा कुठे पायाखालची जमीन हादरली तसे ते दचकले.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, बहेरा छो के शुं?"

छगन हसायला गेला आणि मध्येच थांबला. माझ्या डोळ्यांसमोर उनाईची घंटा आणि तिच्यावरचा तळहात आला.

ट्रक गेल्यावर मी रघुनाथभाऊंच्या मागे उभा राहून नाव घेतलं. काही नाही. मग समोर गेलो. खात्यातल्या खडखडाटात आम्ही आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवतो आणि हात करतो. तसंच, आवाज न काढता, विचारलं, "ऐकू येत नाही का?"

ते मोठ्याने म्हणाले, "नाही. दोन वर्षं झाली."

खाली दगडावर बसून त्यांनी सांगितलं. खात्यात कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. तिथे सगळेच ओठ वाचतात. बाहेर त्यांनी लपवलं ते मुलीसाठी. "बाप बहिरा म्हटलं की लोक विचारतात, घराण्यात आहे का? पोरीचं जमू दे म्हटलं, मग सांगू. मग सांगायचं राहूनच गेलं."

"आणि साखरपुड्यात मी फोटोला बोलावलं ते?"

"कधी बोलावलं?" त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं की मला हसू आलं. मग डोळेही भरले. माझ्यावर राग नव्हता, आणि माणूस समोर धड बसला होता. आणखी काय हवं होतं?

पुढचा घाट आम्ही खात्याच्या रीतीने चढलो. मी पुढे, ते माझ्या मागे, दिलीप आणि छगन शेवटी. मागून गाडी आली की शेवटचे दोघे घंटी वाजवायचे आणि मी डावा हात वर करायचो. तार, म्हणजे धागा, तुटला, लूम थांबव, याची आमच्याकडची खूण. माझा हात वर गेला की साडूभाऊ कडेला. सापुताऱ्याला तळ्याकाठी चहा घेताना ते म्हणाले, "तुम्ही उगाच दोनदा हात केला. मागे काहीच नव्हतं."

"खात्री करत होतो," मी म्हणालो.

परत येताना सायकली एसटीच्या टपावर चढवल्या; कंडक्टरला आधी विचारून ठेवा. लिंबायतला पोचलो तर दोघी बहिणी आमच्याच ओट्यावर बसल्या होत्या.

बायकोने हळूच विचारलं, "बोलले का दाजी?"

"बोलले. तूही बोल. फक्त समोर जाऊन."

पुढच्या आठवड्यात त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. काय होईल ते देवीच्या हाती. त्या दिवसापासून मी देवळात गेलो की घंटा वाजवतो आणि तिच्यावर तळहात ठेवतो. आवाज विरून गेल्यावरही ती हाताखाली बराच वेळ थरथरत असते.