राक्षसासाठी सहावा दगड

गोष्टीतल्या राक्षसाची बाजू मी लहानपणापासून घेत आले. लोहा गावी आमच्या घरी वडील जेवताना गोष्ट सांगायचे. सात समुद्रांपलीकडे पोपट, पोपटाच्या कंठात राक्षसाचा जीव, ही गोष्ट लागली की माझा घास अडायचा. राक्षसानं राजकन्येला पळवून आणलं हे वाईटच, त्याची वकिली मी तेव्हाही करत नव्हते. पण तिनं गोड बोलून विचारलं, त्यानं विश्वासानं सांगितलं, आणि तिनं ते जाऊन राजपुत्राच्या कानात घातलं. मला ते कधी पटलं नाही. वडील म्हणायचे, "अगं, राक्षस हाय त्यो." मी म्हणायचे, "असू द्या. पण तिच्याशी खोटं तर न्हाई बोलला."

पुढं नांदेडला संसार थाटला, शाळेत गणित शिकवायला लागले, मुलगी झाली. तिलाही मी तीच गोष्ट सांगितली, पण राक्षसाच्या बाजूनं. माझ्या गोष्टीत राजपुत्र पोचायच्या आत पोपट उडून जायचा.

दहावीनंतर ती क्लाससाठी लातूरला होस्टेलवर गेली. तोवर न विचारता सगळं सांगणारी पोर एकदम गप्प झाली. फोनवर 'हो', 'बरं', 'जेवले', एवढंच. मी खोदखोदून विचारायचे आणि ती आणखी मिटायची. बाकीच्या आयांना पोरींचे मार्क हवे असतात. मला नुसतं तिचं बोलणं हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं याचं फार वाईट वाटायचं.

गेल्या येळवसला तिला होस्टेलवरून घेतलं आणि आम्ही दोघी लातूरजवळच्या सासरच्या शेतात गेलो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील यांच्यावर ताव मारायचा. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

मी भज्जीचं पातेलं चुलीवरून उतरवत होते. पोरगी जवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "आई, मी कोपीत सहावा दगड ठेवलाय. चुना लावून. राक्षसाचा हाय. आज वाटसरूलाबी जेवू घालतात, त्याला कुणीच बोलवत नाही. कुणाला सांगू नको."

कित्येक महिन्यांत तिनं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी इतकी हरखले की दगड काढून ठेव म्हणायचंही भान राहिलं नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणते. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण येळवसची पूजा त्या दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. हाताला लागेल तो दगड चाचपत त्यांनी हळदकुंकू लावलं. नंतर नैवेद्याची पानं मांडायला घेतली, तर पाच पानं संपली आणि एक दगड उरला. त्यांनी बोट लावून पुन्हा मोजलं. मग कोपीतूनच विचारलं, "ह्यो सहावा कुणी ठिवला?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. नातीला आजी दोन शब्द बोलून सोडून देईल, सुनेला मात्र वर्षभर ऐकवेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणाले, "मी ठेवला, मामी. मोजताना चुकले."

"शाळेत गणित शिकिवतीस आन् पाच मोजता येईनात व्हय?"

त्या चांगल्याच तापल्या होत्या. दगड उचलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "कुंकू लागलंय आता. कुंकू लागल्यावर उठिवता येत न्हाई. सणाचं त्याला उपाशी ठिवायचं का? आण आणखी एक पान."

सहाव्या दगडापुढंही भज्जी, उंडा, खीर सगळं वाढलं गेलं. दिवसभर येईल त्या पाहुण्याला माझ्या गणिताची कथा ऐकवली गेली, आणि मी खाली मान घालून आंबील वाढत राहिले. इतक्या खुशीत मी कुठल्याच सणाला नव्हते.

दुपार कलल्यावर पोरीला होस्टेलवर सोडायला निघाले. गाडी मीच चालवत होते. लातूर चार-पाच किलोमीटरवर आलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आणखी एक सांगू?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ती बराच वेळ बोलत होती. मधे मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. बोलून झाल्यावर तिनं डोळे पुसले, डब्यातला एक उंडा काढून खाल्ला आणि चल म्हणाली.

ती काय बोलली ते तिच्या बापानं विचारलं. सासूबाईंनीही फोन करून दोनदा विचारलं. त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.